आधी रिकामं विमान, मग प्रवासी!

दोस्तांनो, तुम्ही कधी उलव्याला गेला आहात का? नेरूळहून किंवा बेलापूरहून उरणच्या गाडीत बसायचं, खाडी ओलांडायची आणि बामणडोंगरी नाहीतर खारकोपरला उतरायचं. समोर उंच उंच इमारती, रुंद रस्ते आणि शेजारीच नवी मुंबईचा नवाकोरा विमानतळ! पनवेल तालुक्यातल्या या उलव्याच्या मुलांना आता विमानाचं काही कौतुक राहिलं नसेल. पण हा विमानतळ सहजासहजी झालेला नाही बरं का! इथली सुमारे ९० मीटर उंचीची उलवे टेकडी कापावी लागली. उलवे नदीचा प्रवाह वळवावा लागला. मूळ उलवे गावासह दहा गावांतल्या लोकांना आपली राहती घरं सोडावी लागली. तेव्हा कुठे ३,७०० मीटर लांबीची धावपट्टी तयार झाली.

या धावपट्टीवर पहिलं विमान उतरलं ११ ऑक्टोबर २०२४ रोजी. सांगा पाहू, तिकीट काढून त्यात किती प्रवासी बसले होते?

एकही नाही! ते होतं भारतीय हवाई दलाचं सी-२९५ जातीचं मालवाहू विमान. धावपट्टी नीट आहे की नाही, हे पाहायला आलेलं. मग २९ डिसेंबर २०२४ रोजी इंडिगो कंपनीचं ए-३२० विमान उतरलं. हे खरंखुरं प्रवासी विमान, पण तेही प्रवाशांविना! पुढे ३० सप्टेंबर २०२५ रोजी विमानतळाला परवाना मिळाला, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्‌घाटन झालं आणि प्रवासी विमानं सुरू झाली ती २५ डिसेंबर २०२५ रोजी. म्हणजे पहिलं विमान उतरल्यापासून पहिला प्रवासी उतरेपर्यंत चौदा महिन्यांहून जास्त काळ गेला.

एवढा वेळ कशाला? कारण उघड आहे. चूक सापडायचीच असेल, तर ती रिकाम्या विमानात सापडलेली बरी!

आज आपण विमानांबद्दल बोलणार नाही. बोलणार आहोत संगणकावरच्या संकेतस्थळांबद्दल. पण उलव्याची ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा फार उपयोग होणार आहे.

प्रवेशाचा अर्ज आणि फिरणारं चक्र

दहावी झालेल्या तुमच्या ताई-दादांना विचारा. २०२५ साली पहिल्यांदाच साऱ्या महाराष्ट्रातले अकरावीचे प्रवेश एकाच संकेतस्थळावरून व्हायचे होते. २१ मे रोजी नोंदणी सुरू होणार म्हणून मुलं आणि पालक सकाळपासून संगणकापुढे, मोबाइलपुढे बसून होते. पण संकेतस्थळ काही धड चालेना. शेवटी नोंदणी पुढे ढकलावी लागली. ती सुरू झाली २६ मे रोजी. ते पाच दिवस घराघरात किती घालमेल झाली असेल, तुम्हीच विचार करा.

पूर्वी अर्ज कागदावर असायचा. कागद फाटला तर दुसरा मिळायचा. आता परीक्षेचा निकाल, रेल्वेचं तिकीट, विजेचं बिल, सगळंच संकेतस्थळावर. तिथली एक चूक एकाच वेळी लाखो लोकांना अडवू शकते. म्हणून संकेतस्थळ लोकांसाठी खुलं करण्याआधी त्याची कसून परीक्षा घ्यावी लागते. आणि ती एकदा घेऊन भागत नाही. का, ते पाहू या.

आपलं वाचनालय

समजा, उलव्यातल्या एका सोसायटीतल्या मुलांनी वाचनालय काढलं. पुस्तकांच्या नोंदीसाठी एक छोटंसं संकेतस्थळ बनवलं. नियम अगदी सोपे : एका सभासदाला एका वेळी दोन पुस्तकं. पुस्तक १४ दिवसांत परत करायचं. उशीर झाला तर दिवसाला एक रुपया दंड.

संकेतस्थळ तयार झालं. सगळ्यांनी बटणं दाबून पाहिली. छान चाललं! दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी म्हणालं, 'सुट्टीत एका वेळी तीन पुस्तकं द्यायला हवीत.' केला बदल. पण हा बदल करताना दंडाचा हिशेब तर बिघडला नाही ना? हे पाहायला पुन्हा सगळी बटणं दाबायची. पुढच्या आठवड्यात आणखी बदल, पुन्हा सगळी बटणं! तिसऱ्या वेळी कोण एवढा कंटाळा सोसणार? मग 'चालत असेल' म्हणून सोडून द्यायचं, आणि नेमकी तिथेच चूक दडून बसायची.

यावर संगणकवाल्यांनी नामी युक्ती काढली. संगणकाची परीक्षा संगणकालाच घ्यायला लावायची! त्याला कंटाळा येत नाही, झोप येत नाही. तपासणीसुद्धा एका छोट्या प्रोग्रॅमच्या रूपात लिहून ठेवायची. बदल झाला रे झाला, की सगळ्या तपासण्या आपोआप पुन्हा चालवायच्या. पास झाली की हिरवी खूण, नापास झाली की लाल.

अशी तपासणी कशी लिहायची? चार शब्द पाठ करा : मांडा, करा, ताडा, आवरा.

मांडा : एक खोटा सभासद तयार करा. त्याने पुस्तक घेतलं १ जूनला.

करा : ते पुस्तक १६ जूनला परत आलं, असं संगणकाला सांगा.

ताडा : दंड एक रुपया आला का, ते पाहा.

आवरा : तो खोटा सभासद आणि त्याची नोंद पुसून टाका.

आता १६ जूनच का घेतली? कारण १ जूनला घेतलेल्या पुस्तकाचे १४ दिवस १५ जूनला भरतात. चुका नेहमी अशा उंबरठ्यावर बसलेल्या असतात! 'चौदा दिवसांपेक्षा जास्त' लिहायच्या जागी कुणी 'चौदा किंवा त्याहून जास्त' लिहिलं, तर वेळेवर पुस्तक आणणाऱ्या बिचाऱ्यालाही भुर्दंड. म्हणून १५ जूनची एक तपासणी हवी आणि १६ जूनची एक हवी. २० जूनला पुस्तक आलं तर किती दंड? बरोबर, पाच रुपये. तीही एक तपासणी.

गंमत म्हणजे, अशा तपासण्या चालवणारं एक फार गाजलेलं साधन विमानातच जन्माला आलं! १९९७ साली केंट बेक आणि एरिक गामा हे दोघे संगणकतज्ज्ञ झुरिकहून अटलांटाला चालले होते. लांबचा प्रवास. दोघांनी मिळून वेळ सत्कारणी लावला आणि 'जेयुनिट' नावाच्या साधनाची सुरुवात झाली. पुढे त्याच धर्तीवर कितीतरी संगणकभाषांसाठी अशी साधनं निघाली.

संकेतस्थळाचं पान उघडून, माणसासारखी बटणं दाबणारं साधनही आहे. त्याचं नाव सेलेनियम. २००४ साली शिकागोमध्ये जेसन हगिन्स याने ते बनवलं. त्या वेळी या क्षेत्रात मर्क्युरी नावाच्या कंपनीचं बडं प्रस्थ होतं. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियमचा उतारा चालतो, असं म्हणतात. म्हणून हे खट्याळ नाव!

ढीग म्हणजे संच नव्हे

आता आपल्या वाचनालयाच्या मुलांना हुरूप आला. त्यांनी धडाधड तपासण्या लिहिल्या. पन्नास, शंभर, दोनशे! सगळ्या एकाच फाइलमध्ये. नावं काय दिली? 'तपासणी १', 'तपासणी २', 'तपासणी २ नवी', 'तपासणी २ नवी खरी'! हसू नका, तुमच्या वह्यांचीही अशीच गत असते.

एके दिवशी 'तपासणी ११७' लाल झाली. म्हणजे काय बिघडलं? कुणालाच ठाऊक नाही. सगळे तासभर डोकं खाजवत बसले.

तपासण्या पुष्कळ असून भागत नाही. त्या लावून ठेवाव्या लागतात. घरात शंभर औषधं आहेत, पण सगळी एकाच पोत्यात. अशा वेळी पोट दुखायला लागलं तर काय उपयोग? नीट लावलेल्या तपासण्यांना इंग्रजीत 'टेस्ट स्वीट' म्हणतात. स्वीट ऐकून तोंडाला पाणी सुटलं ना? पण ही मिठाई नव्हे. या शब्दाचा अर्थ संच. हा संच लावायचा कसा?

दहीहंडीचे थर

गोविंदांचे थर तुम्ही पाहिले आहेत. तळाला पुष्कळ जण, त्यावर थोडे कमी, आणि सगळ्यात वर एकटा बाळगोविंदा. तपासण्यांचंही तसंच असावं.

तळाच्या थरात अगदी लहान तपासण्या. एकेक छोटा हिशेब तपासणाऱ्या. दंड बरोबर येतो का? परतीची तारीख बरोबर निघते का? या सर्वांत जास्त हव्यात.

मधल्या थरात दोन-तीन भाग जोडून पाहणाऱ्या. पुस्तक दिलं की नोंदवहीतली शिल्लक एकाने कमी होते का? या त्यापेक्षा कमी.

सगळ्यात वर मोठ्या तपासण्या. संकेतस्थळ उघडायचं, नाव घालायचं, पुस्तक शोधायचं, मागायचं. अगदी खऱ्या वाचकासारखं! या अगदी थोड्या.

मोठ्या तपासण्या थोड्याच का? थोडं गणित करू. समजा, लहान तपासणीला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. मग ५०० लहान तपासण्या पाच सेकंदांत संपतात. मोठ्या तपासणीला पान उघडायचं, वाट पाहायची, बटण दाबायचं असतं. तिला २० सेकंद लागतात असं धरू. तशा ५०० लिहिल्या तर लागतील १०,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ पावणेतीन तास! एवढा वेळ थांबायचा धीर कुणाला? पण मोठ्या ३०च ठेवल्या, तर दहा मिनिटांत काम फत्ते.

थर लावण्याचा खरा फायदा मात्र चूक सापडताना कळतो. तळातली दंडाची तपासणी लाल झाली, की सरळ दंडाच्या हिशेबाकडे जायचं. तळ सगळा हिरवा आणि मधलं काही लाल असेल, तर हिशेब बरोबर आहेत, जोडणी चुकली आहे. खालचे दोन्ही थर हिरवे आणि फक्त वरचं लाल असेल, तर आधी पानावरचं बटण पाहायचं! पाहिलंत? लाल दिवा लागल्याबरोबर कुठे शोधायचं ते निम्मं कळलं.

प्रत्येक थरात पुन्हा विषयवार कप्पे करायचे : सभासद, पुस्तकं, दंड. आणि नाव असं द्यायचं, की वाचल्याबरोबर उलगडा व्हावा. 'तपासणी ११७' नको. 'एक दिवस उशीर झाला तर एक रुपया दंड' असं नाव हवं.

मग क्रम. नवं विजेचं उपकरण बनवलं की कारागीर आधी काय पाहतो? बटण दाबल्यावर धूर तर येत नाही ना! संगणकवाल्यांनी हा शब्दच उचलला. सगळ्यात आधी चार-पाच 'धूर तपासण्या' चालवायच्या : संकेतस्थळ उघडतं का? नाव घालून आत जाता येतं का? इथेच धूर निघाला, तर पुढचं तपासण्यात अर्थ नाही. नंतर लहान तपासण्या दर बदलाला, मधल्या दिवसातून काही वेळा, आणि सगळ्या मोठ्या रात्री. सकाळी उठून निकाल पाहायचा.

आता आठवा उलव्याची धावपट्टी. आधी हवाई दलाचं विमान, मग रिकामं प्रवासी विमान, मग परवाना आणि सगळ्यात शेवटी प्रवासी. तीही पायरीपायरीने लावलेली परीक्षाच नव्हती का?

लंडनची विसरलेली गाळणी

मघाच्या चार शब्दांतला शेवटचा शब्द कोणता? आवरा! हाच शब्द लोक विसरतात. त्याची एक खरी गोष्ट ऐका. हीसुद्धा विमानतळाचीच.

लंडनच्या हीथ्रो विमानतळावर पाचवं टर्मिनल बांधलं. २७ मार्च २००८ रोजी ते प्रवाशांसाठी उघडलं. तपासणी झाली नव्हती असं नाही. आधी कित्येक महिने सुमारे १५,००० लोकांना खोटे प्रवासी बनवून रंगीत तालमी घेतल्या होत्या. तरीही पहिल्याच दिवशी गोंधळ उडाला. कर्मचाऱ्यांना गाड्या कुठे लावायच्या ते सापडेना. काहींना संगणक आतच घेईना. बॅगांचे ढीग साचले. पहिल्या दिवशी ३४ उड्डाणं रद्द झाली आणि पुढच्या दिवसांत हजारो बॅगा मालकांपासून दुरावल्या.

त्यातलं एक कारण ऐकाल तर थक्क व्हाल. तालमीच्या वेळी खोट्या बॅगांचे खोटे संदेश तयार होत होते. ते विमानतळाच्या बाकीच्या, खऱ्या संगणकांकडे जाऊ नयेत, म्हणून मध्ये एक गाळणी बसवली होती. कल्पना उत्तमच! पण तालीम संपल्यावर ती गाळणी काढायची राहून गेली. टर्मिनल उघडलं, खरे प्रवासी आले, दुसऱ्या कंपन्यांच्या विमानांतून खऱ्या बॅगा आल्या. त्यांचे खरे संदेश मात्र गाळणीतच अडकले! संगणकाला त्या बॅगा ओळखूच येईनात.

बघा हं, परीक्षा घ्यायची म्हणून बसवलेली वस्तूच परीक्षेनंतर घात करून गेली.

आपल्या वाचनालयातही हेच होऊ शकतं. एका तपासणीने खोटा सभासद बनवला आणि तो तसाच ठेवला. पुढच्या तपासणीला वाटतं, एक सभासद असायला हवा, हे दोन कसे? ती विनाकारण लाल होते. किंवा त्याहून वाईट म्हणजे, पुढची तपासणी त्या उरलेल्या सभासदाच्या जिवावरच हिरवी होते! म्हणून नियम असा : प्रत्येक तपासणीने आपलं सामान आपण आणावं आणि जाताना आपण आवरून न्यावं. सहलीला गेल्यावर करतो ना, तसंच. हा नियम पाळला जातो की नाही, हे पाहायची सोपी युक्ती आहे. तपासण्यांचा क्रम पत्त्यांसारखा पिसायचा आणि पुन्हा चालवायच्या. तरीही सगळ्या हिरव्या राहिल्या, तर शाबास!

लांडगा आला रे आला

काही तपासण्या लहरी असतात. काही बदललेलं नसताना आज हिरव्या, उद्या लाल, परवा पुन्हा हिरव्या. पान उघडायला कधी दोन सेकंद लागतात, कधी पाच. तपासणी मात्र तीनच सेकंद थांबते. मग ती कधी पास, कधी नापास. मुलं म्हणायला लागतात, 'अरे, ती नेहमीच लाल होते, सोड!' आणि एके दिवशी खरोखरच चूक झालेली असते. 'लांडगा आला रे आला' ओरडणाऱ्या पोराची गोष्ट आठवली ना? गावकऱ्यांचा विश्वास उडाला आणि मेंढ्या गेल्या.

लहरी तपासणी सापडली, की तिला आधी वेगळ्या कप्प्यात ठेवा, तिची लहर शोधा, दुरुस्त करा आणि मगच परत घ्या. लाल दिवा लागला की प्रत्येकाला धावत जावंसं वाटलं पाहिजे. तो धाक गेला की सगळा संच फुकट!

आणखी एक. सगळं हिरवं झालं म्हणजे चूक उरलीच नाही, असं समजू नका. तपासणीने चूक आहे हे दाखवता येतं, चूक नाहीच हे सिद्ध करता येत नाही. डच संगणकतज्ज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी हे फार पूर्वीच बजावून ठेवलं होतं. आपल्या मुलांनी दंड तपासला, पण एकाच वेळी हजार वाचक आले तर काय होईल, हे तपासलंच नाही, तर त्याची हिरवी खूण येणार कुठून? म्हणून चतुर लोक एक सवय लावून घेतात. नवी चूक सापडली, की आधी ती पकडणारी तपासणी लिहायची, ती लाल झालेली पाहायची आणि मगच चूक दुरुस्त करायची. मग ती चूक पुन्हा आली, तर दारातच पकडली जाते.

करून पाहा

यासाठी संगणक नसला तरी चालेल. एक कागद घ्या. तुमच्या शाळेतल्या वाचनालयाचे किंवा गल्लीतल्या क्रिकेटचे नियम लिहा. त्यांतून दहा लहान, चार मधल्या आणि एक मोठी, अशा पंधरा तपासण्या काढा. प्रत्येकीला स्वच्छ नाव द्या. उंबरठ्यावरचे आकडे विसरू नका : सहावा चेंडू, सातवा चेंडू! मग कागद मित्राला द्या आणि सांगा, 'एक नियम गुपचूप बदल.' कोणत्या तपासणीने चोर पकडला, ते पाहा. एकीनेही पकडला नाही, तर नाराज होऊ नका. सोळावी तपासणी कोणती हवी, ते तुम्हाला आत्ताच सापडलं!

आणि पुढच्या वेळी उलव्यावरून विमान जाताना दिसलं, तर आठवण ठेवा. त्यातले प्रवासी निवांत बसले आहेत, कारण त्यांच्या आधी कुणीतरी रिकामं विमान उतरवून पाहिलं होतं.